ज्याचं त्याचं औषध

सुहासिनीला लहानपणापासून सगळे घुमी म्हणत आले. माहेरी म्हणत, शाळेत म्हणत, आणि लग्न होऊन अंबरनाथला कानसईतल्या बिल्डिंगमध्ये आल्यावर तिथल्या बायकाही म्हणू लागल्या. ती आखडू नव्हती की भांडकुदळ नव्हती. चार माणसांत बसलं की अर्ध्या तासात तिचा जीव दमून जायचा, एवढंच. एखाद्या बारशाहून घरी आली की आधी स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची आणि साडी न बदलता ओट्याला टेकून पाच मिनिटं नुसती उभी राहायची. सासूबाई हयात असताना पाहुण्यांना सांगायच्या, "आमच्या सुनेला माणसं बाधतात."

नोकरी मात्र तिला स्वभावासारखी मिळाली. अंबरनाथच्या एमआयडीसीत इंजेक्शनं बनवणाऱ्या एका कंपनीत ती एकवीस वर्षं चेकिंगला होती. समोर दिव्याखाली एक पाटी, अर्धी काळी, अर्धी पांढरी. औषधाची काचेची कुपी उचलायची, उलटी करायची, हलकेच फिरवायची, आधी काळ्यासमोर धरायची, मग पांढऱ्यासमोर. आत कापसाचा तंतू, काचेचा कण, काळा ठिपका काही तरंगताना दिसलं की कुपी बाजूला टाकायची. अर्धा तास बघायचं, मग डोळ्यांना विश्रांती, परत अर्धा तास. बोलायची परवानगी नाही. नव्या मुली महिन्याभरात कंटाळून पॅकिंगला बदली मागायच्या. सुहासिनीला तिथे बसलं की घरी आल्यासारखं वाटायचं.

तिचा नवरा विष्णुपंत दुसऱ्या टोकाचा. आयुध निर्माणीतून चार्जमन म्हणून रिटायर झालेला, सोसायटीचा सेक्रेटरी, गणपतीचा खजिनदार, कोणाचं रेशनकार्ड अडलं की यांच्याकडे, कोणाच्या पोराला ॲडमिशन मिळेना की यांच्याकडे. त्याच्या तोंडात तीळ भिजायचा नाही आणि त्याला त्याची लाजही नव्हती. भाजी आणायला गेला की दोन तासांनी यायचा, आणि दोन तासांत तीन घरांची खबर घेऊन यायचा. "माणूस माणसाजवळ नाही बसला तर कशाला जन्माला आला?" असं तो म्हणे. ती ऐकून घेई. तीस वर्षांत दोघांचं जमलं, कारण घरात एक तिसरं माणूस होतं जे बापाशी बापासारखं बोलायचं आणि आईशी आईसारखं गप्प बसायचं. ती राजसी.

राजसी एकुलती. कल्याणला एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायचं काम करायची. संध्याकाळी घरी आली की आधी हॉलमध्ये बापाजवळ बसून दिवसभराचं सगळं सांगायची, मोठमोठ्याने हसायची, आणि मग आत येऊन आईच्या शेजारी न बोलता मेथी निवडायला बसायची. आईला काही विचारायची नाही. सुहासिनीला त्या अर्ध्या तासाचं मोल तेव्हा कळलं नाही, असं म्हणता येणार नाही. कळत होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात राजसीला ताप आला. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, डेंग्यू. संध्याकाळी उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात ॲडमिट केलं. प्लेटलेट्स उतरत गेल्या. त्या चार दिवसांत विष्णुपंताने काय नाही केलं! फॅक्टरीतले जुने लोक, गणपतीची पोरं, तिथल्याच कॅम्प एक भागातल्या एका दोस्ताचे सिंधी शेजारी, सगळ्यांना फोन करून त्याने अकरा रक्तदाते उभे केले. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर सतत दहा-पंधरा माणसं असायची. सुहासिनी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेली असायची. नर्स आत सोडायची तेवढा वेळ आत, बाकीचा वेळ बाकावर. कोणी चहा आणून हातात दिला तर प्यायची.

चौथ्या दिवशी सकाळी राजसी गेली. तेवीस वर्षांची होती.

त्यानंतर घर माणसांनी भरलं. बाराव्या-तेराव्यापर्यंत भरतंच, पण हे घर त्यानंतरही रिकामं होईना. विष्णुपंताने आयुष्यभर जोडलेली माणसं एकेक करून येत राहिली. आणि प्रत्येकाला तो पहिल्यापासून सांगे. ताप कधी आला, रिपोर्ट कधी आला, पहिल्या दिवशी किती प्लेटलेट्स, दुसऱ्या दिवशी किती, कोण कुठून रक्त द्यायला आला, कुठल्या सिग्नलला ॲम्ब्युलन्स अडकली. शेवट ठरलेला असे. "सकाळी मी तिच्या उशाशीच होतो. माझा हात धरला, म्हणाली, बाबा, घरी कधी जायचं? आणि मान टाकली." इथे त्याला रडू यायचं, समोरचाही रडायचा, पाठीवर हात फिरवायचा. मग पाणी, मग चहा. पुढचा पाहुणा आला की परत ताप कधी आला इथपासून.

स्वयंपाकघरात चहा करणाऱ्या सुहासिनीला ते सगळं ऐकू यायचं. वन रूम किचनवरून वन बीएचके झालेलं घर. आवाज अडेल अशी भिंतच नव्हती. दिवसातून तीनदा, कधी पाचदा, तिची मुलगी तापाने फणफणायची आणि मरायची. ती नळ सोडून उभी राहायची. एकदा कोणी म्हणालं, "वहिनी पाणी फार वाया घालवतात." मग तिने नळ सोडणंही बंद केलं.

पंधराव्या दिवशी ती कामावर गेली. त्यावरून गवगवा झाला. नणंद अंजना बदलापुरात राहायची. ती रिक्षा करून तडक आली.

"वहिनी, महिनासुद्धा नाही झाला. लोक काय म्हणतील? आणि तुम्ही रडतही नाही. हे बरं नव्हे, आत साठून राहील."

"कामावर बरं वाटतं मला," सुहासिनी म्हणाली.

"तिकडे काय, बाटल्या बघायच्या! तुम्हाला माणसांत मिसळायला पाहिजे. मोकळं व्हायला पाहिजे. ते माझ्यावर सोडा."

अंजना मनाने वाईट नव्हती. स्वतःचा नवरा गेला तेव्हा ती भजनी मंडळाच्या आधाराने उभी राहिलेली बाई. जे औषध आपल्याला लागू पडलं ते दुसऱ्यालाही पडणार, असं तिला प्रामाणिकपणे वाटायचं. तिने सुहासिनीला आधी मंडळात नेलं. तिथल्या चाळीस बायकांनी एकेक करून तिला मिठी मारली. मग एका बागेतल्या हास्यक्लबात नेलं, सुट्टीच्या दिवशी सकाळी. वीस-पंचवीस माणसं गोल करून उभी होती. "चला, आता सिंहहास्य," पुढचा गृहस्थ म्हणाला. सगळ्यांनी डोळे वटारले, जिभा बाहेर काढल्या आणि गरजून हसायला लागले. सुहासिनीने जीभ बाहेर काढली. समोरची बाई जीभ काढून हसत होती, तिच्या हिरड्या दिसत होत्या. राजसीच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा डॉक्टर तिला जीभ दाखवायला सांगत होते. सुहासिनीला तिथेच ओकारी झाली. कडेच्या गवतावर ती गुडघ्यावर बसून ओकत राहिली आणि मागे दोन-चार जण, तिच्याकडे पाठ असल्याने न कळून, हसत राहिले.

घरी येताना अंजना रिक्षात म्हणाली, "सवय नाही ना, म्हणून. पुढच्या रविवारी होईल ठीक."

कंपनीत जानेवारीत एक कार्यशाळा झाली. एचआरमध्ये श्रद्धा नावाची नवी मुलगी लागली होती, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, धिटाईने बोलणारी. कॅन्टीनमध्ये खुर्च्या मांडून तिने सगळ्यांना एकेक फॉर्म वाटला. वर लिहिलं होतं, 'स्वतःची काळजी, स्वतःच्या स्वभावानुसार'. खाली अठरा प्रश्न. गर्दीतून आल्यावर तुम्हाला ताजंतवानं वाटतं की थकल्यासारखं? निर्णय घेताना तुम्ही कोणाशी बोलता की एकटे विचार करता? फोन वाजला की आनंद होतो की दचकायला होतं? खुणा करायच्या, बेरीज करायची, त्यावरून आपला प्रकार काढायचा आणि मागच्या पानावर त्या प्रकाराला काय मानवेल त्याची यादी.

बाकीच्या मुली एकमेकींच्या फॉर्ममध्ये डोकावत खिदळत होत्या. सुहासिनी मान खाली घालून खुणा करत गेली. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिला हे प्रश्न विचारत होतं, तेही छापून. बेरीज आली अठरापैकी सतरा. मागच्या पानावर लिहिलं होतं: तुम्हाला एकांताची गरज आहे. ही उणीव नाही. गटातले उपक्रम टाळा. रोज एक तास एकट्याने, न बोलता घालवा. शक्य असल्यास झाडं किंवा पाणी असेल अशा जागी.

'ही उणीव नाही' हे वाक्य तिने तीनदा वाचलं. जाताना श्रद्धाकडून एक कोरा फॉर्म मागून घेतला.

"काकांसाठी का?" श्रद्धाने विचारलं. "मस्त! दोघांनी मिळून भरा, खूप फरक पडतो."

त्या दिवशी संध्याकाळी योगायोगाने कोणी पाहुणा नव्हता. जेवणाच्या टेबलावर तिने फॉर्म ठेवला. विष्णुपंताने चष्मा लावला, पहिले दोन प्रश्न मोठ्याने वाचले आणि हसला. "यात विचारायचं काय? मला गर्दीत घाला, मी ताजा!" ती खुणा करत होती. राजसी गेल्यापासून पहिल्यांदाच दोघं टेबलाला समोरासमोर बसली होती. मग नववा प्रश्न आला. दुःख झालं की तुम्ही काय करता? अ, कोणाशी तरी बोलतो. ब, एकटा राहतो.

विष्णुपंत थांबला. "मी बोलतो," तो म्हणाला. "पण तू ऐकत नाहीस. सगळं जग येऊन ऐकून गेलं. तू एकदाही माझ्याजवळ येऊन बसली नाहीस. कामावर गेलीस पंधराव्या दिवशी. मला कधी कधी वाटतं, तुला झालंय की नाही काही?"

सुहासिनीने पेन खाली ठेवलं. असं काही कोणी बोललं की ती उठून आत जायची. पण त्या दिवशी उठली नाही. ती हळू आवाजात म्हणाली, "ती तसं म्हणाली नव्हती."

"काय?"

"बाबा, घरी कधी जायचं, असं. सकाळी नाही म्हणाली. आदल्या संध्याकाळी म्हणाली होती. सकाळी तुम्ही नव्हतात तिथे. तुम्ही रक्तपेढीत गेला होतात पिशवी आणायला. मी होते. ती म्हणाली, आई, तो लाईट बंद कर गं, डोळ्यात जातोय. मी उठून बटण शोधत होते. बटण सापडेपर्यंत ती गेली. तुम्ही आलात तेव्हा पिशवी तुमच्या हातात होती."

विष्णुपंताने चष्मा काढला, मिटला, परत उघडला. "हो," तो म्हणाला. "पिशवी हातात होती." आणि उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला.

त्या दिवसापासून तो बोलायचा बंद झाला.

एकदम नव्हे. दुसऱ्या दिवशी फॅक्टरीतला कोणी आला, त्याला त्याने तापापासून सुरुवात केली, सिग्नलपर्यंत आला आणि थांबला. "पुढचं काय सांगायचं, झालं," म्हणाला. त्यानंतर सुरुवातही करेना. माणसं यायची, बसायची, हा नुसता मान हलवायचा. हळूहळू येईनाशी झाली. सोसायटीचं सेक्रेटरीपद त्याने सोडलं. कॅम्प एकमध्ये त्याचा बालमित्र शंकरराव याचं मोटर वायंडिंगचं दुकान होतं. तिथे तो रोज जाऊन बसायचा, तेही सोडलं. शंकररावाचे फोन यायचे. हा फोन वाजू द्यायचा.

घर शांत झालं. खरं सांगायचं तर पहिले आठ-दहा दिवस सुहासिनीला बरं वाटलं. तिला झोप लागली. ओट्याशी उभी राहिली तर फक्त कुकरची शिटी ऐकू यायची. मग तिच्या लक्षात आलं की विष्णुपंताचा शर्ट खांद्यावरून उतरतोय. सकाळी ठेवलेली पोळी संध्याकाळी तशीच. तो टीव्ही लावायचा नाही, पेपर उघडायचा नाही, खुर्चीत बसून आपल्या दोन्ही तळहातांकडे बघत राहायचा. तिला पाहिजे होती ती शांतता मिळाली होती आणि तिची किंमत तो माणूस रोज थोडी थोडी चुकती करत होता.

तिने एकदा शेजारी बसून पाहिलं. "बोला ना काहीतरी," म्हणाली.

"तू म्हणालीस ते खरं आहे," तो म्हणाला. "मी नव्हतोच."

 तिने त्याच्या ताटात गरम भात वाढला, त्याने तो चिवडला, आणि दुसऱ्या दिवशी ती फॉर्मच्या मागच्या पानावर लिहिलं होतं ते करायला निघाली. कारण घरातली ती शांतता आता एकांत नव्हती.

पहिली पाळी साडेतीनला सुटे. एमआयडीसीतून रिक्षाने चिखलोलीच्या धरणाकडे जायला फार वेळ लागत नाही. बांधावरून थोडं पुढे गेलं की पाण्याच्या कडेला मोठाले दगड आहेत. ती तिथे जाऊन बसायला लागली. काही करायची नाही. पाण्यावर बगळा उतरायचा, वाऱ्याने पाणी हलायचं, ती बघत बसायची. कामावर कुपीतल्या पाण्यात बघायची सवय झालेले डोळे इथे मात्र काही शोधत नसत. तासाभराने उठायची. घरी जायची, पोळ्या करायची. रडू तिला पहिल्यांदा तिथे आलं, साडेचार महिन्यांनी.

मार्चच्या एका दुपारी ऊन कडक होतं. तिने चपला काढून दगडावर ठेवल्या, पर्स शेजारी ठेवली आणि खाली उतरून पाण्यात पाय सोडून बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही.

"ए बाय! ए बाय, थांब!"

बांधाच्या खालच्या अंगाला भाजीचा मळा होता. तिथून एक म्हातारी कासोटा खोचलेल्या लुगड्यात खुरपं घेऊन धावत येत होती. तिने येऊन सुहासिनीचं मनगट असं धरलं की बांगडी फुटली. "काय करतेस गो? पानी खोल हाय इथं! पोरंबाळं नाय का तुला?"

"मी काही करत नाहीये हो, नुसती बसलेय."

"चपला काढून कोन नुसतं बसतं? आठ रोज बगतंय मी तुला. रोज येते, रडते. मना कळत नाय का?"

म्हातारीचं नाव गोदू. तिच्या आवाजाने मळ्यातली दोन माणसं आली, बांधावर फिरायला आलेले तिघे-चौघे आले, कोणीतरी व्हिडिओ काढू लागलं. एकाने तिच्या पर्समधून फोन काढून 'अहो' या नावाला लावला. "तुमची मिसेस इकडे धरणावर आहे, लवकर या, सीरियस मॅटर है," असं तो सांगत होता. सुहासिनी सगळ्यांच्या मधोमध ओल्या पायांनी उभी. प्रत्येक जण काहीतरी समजावत होता. तिला वाटलं, खरंच पाण्यात गेलेलं बरं.

वीस मिनिटांत विष्णुपंत स्कूटरवरून आला. पायात एक स्वतःची स्लीपर आणि एक तिची. पूर्वीचा विष्णुपंत असता तर आठ माणसं घेऊन आला असता. हा एकटा आला. लोकांनी त्याला घेरलं. "काय झालंय? घरी भांडण झालं का? काही मारहाण वगैरे करता का?" त्याने तोंड उघडलं. ओठ हलले, शब्द फुटेना. ज्या माणसाने शंभर वेळा शंभर माणसांना सांगितलं होतं, त्याला एक वाक्य सांगता येत नव्हतं. लोकांना ते संशयास्पद वाटू लागलं. एक जण म्हणाला, "पोलिसांना बोलवा रे."

तेव्हा सुहासिनी बोलली. "आमची मुलगी गेली," ती म्हणाली. "राजसी. तेवीस वर्षांची होती. डेंग्यूने गेली, चार दिवसांत. यांनी अकरा माणसं आणली रक्त द्यायला. यांनी काही कमी केलं नाही." श्वास घेऊन परत म्हणाली, "काही कमी केलं नाही."

बोललं की मन हलकं होतं, असं म्हणतात. तिचं झालं नाही. दगड उचलून परत अंगावर घ्यावा तसं झालं. पण माणसं गप्प झाली, व्हिडिओवाल्याने फोन खिशात टाकला, आणि विष्णुपंत बांधावर मटकन बसून मोठ्याने रडायला लागला. गोदू त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "माजा बी एक गेलाय, बाबा. टेम्पोखाली. रड."

परतीच्या वाटेवर एका झाडाखाली त्याने स्कूटर थांबवली. मागे न बघता विचारलं, "जीव द्यायला गेली होतीस?"

"नाही. बसायला."

"खरं?"

"खरं. मला एकटीला बसायला लागतं. घरात तुम्हाला असं बघून बसता येत नाही." मग ती म्हणाली, "तुम्ही सांगत जा लोकांना. तुम्हाला आठवतं तसंच सांगत जा. मी परत कधी काही म्हणणार नाही. फक्त माझ्यासमोर नको."

त्याने स्कूटर सुरू केली.

पण गोष्ट तिथे मिटली नाही. तो व्हिडिओ कुठून कुठून फिरत बदलापूरला पोचला आणि अंजना बॅग घेऊन राहायलाच आली. वहिनीला एकटं सोडायचं नाही, असं तिने जाहीर केलं. कंपनीच्या गेटपर्यंत सोडायला ती, गेटवर घ्यायला ती. सुहासिनी बाथरूमला गेली तर दाराबाहेर उभं राहून, "वहिनी, आहात ना?" रात्री तिच्या शेजारी अंथरूण. तीन आठवडे हे चाललं. कामावर सुहासिनीच्या हातून तंतू असलेल्या दोन कुप्या चुकून पास झाल्या. एकवीस वर्षांत असं झालं नव्हतं. सुपरवायझरने तिला पाटीवरून उठवून पॅकिंगच्या गोंगाटात बसवलं.

तिने घरी काही सांगितलं नाही, पण विष्णुपंताला कुठून तरी कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बहिणीची बॅग स्वतः भरली.

"दादा, अरे, काही बरंवाईट झालं म्हणजे?"

"अंजने," तो म्हणाला, "तुला भजनाने बरं वाटलं, मला बोलून वाटतं. तिला यातलं काहीच नको. तिला सोड. व्हायचं ते होईल, मी निस्तरीन." त्याला स्वतःलाही खात्री नव्हती, हे सुहासिनीला दिसत होतं. तरी त्याने अंजनाला रिक्षात बसवलं. तीस वर्षांच्या संसारात त्याने तिच्यासाठी केलेली ही सर्वांत अवघड गोष्ट असावी.

एप्रिलपासून तो परत शंकररावाच्या दुकानात जायला लागला. तिथे तो सगळं सांगतो. शंकरराव तारा गुंडाळत ऐकतो, शेजारचा सिंधी कापडवाला, "साईं, बैठो, चाय पियो," म्हणून त्यालाही ऐकून घेतो, मोटर दुरुस्तीला आलेली गिऱ्हाइकंही ऐकतात. शेवट तो कसा सांगतो, हे सुहासिनीने कधी विचारलं नाही. आता कोणाला प्लेटलेट्स लागल्या की लोक त्याला फोन करतात आणि तो माणसं उभी करतो. त्यातली काही वाचतात. जी वाचत नाहीत त्यांच्या घरी तो जातो आणि त्यानंतर दोन-दोन दिवस त्याला जेवण जात नाही. हे औषध की विष, कोणी सांगावं.

सुहासिनी वर्षभर गोदूच्या मळ्याच्या बांधावर जाऊन बसत होती. पाण्यापासून लांब, ही गोदूची अट. "तू बस. मी खुरपतंय. बोलू नको, मी बी नाय बोलत," असं ती म्हणाली होती, आणि शब्दाला जागली. या वर्षी मळ्याची जमीन कोणीतरी घेतली, पत्र्याचं कुंपण पडलं. गोदू लेकीकडे नेरळला गेली. सुहासिनीला तिचा निरोपही घेता आला नाही.

चेकिंगची पाटी तिला परत मिळाली, पण डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत. वर्षा-दोन वर्षांत ती नोकरी सोडेल. परवा श्रद्धा तिला म्हणाली, "काकू, या वेळच्या वर्कशॉपमध्ये तुम्ही दोन शब्द बोलाल का? तुम्हाला त्या फॉर्मचा किती फायदा झाला ते."

"मला बरं नाही वाटत हो," सुहासिनी म्हणाली. "मला फक्त सहन होतं." आणि श्रद्धाचा चेहरा पडलेला बघून तिला वाईट वाटलं, म्हणून म्हणाली, "तुमचा फॉर्म चांगला होता."

आता ती संध्याकाळी राजसीच्या पलंगावर दिवा न लावता बसते. साडेसातच्या सुमाराला कॅम्प एकमधून विष्णुपंताचा फोन येतो. पूर्वी तो कधी विचारून घरी आला नव्हता.

"निघू का?" तो विचारतो.

बहुतेक वेळा ती "या" म्हणते. कधी म्हणते, "अजून थोडा वेळ." मग तो शंकररावाचं दुकान बंद झालेलं असलं तरी शटरसमोरच्या पायरीवर बसून राहतो, येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारत, तिचा फोन येईपर्यंत.